जावयाच्या कमरेचं वाण

स्वतःच्या प्राणाचं रक्षण करणं हा माणसाचा पहिला धर्म आहे, आणि त्यासाठी जो शस्त्र धरतो त्याला इतिहास भित्रा म्हणत नाही.

हे वाक्य आमच्या जावयानं, जितेंद्रनं, नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घरी कूलरसमोर बसून म्हटलं. बनियन छातीपर्यंत वर केलेलं होतं आणि पोटाला वारा लागत होता. वाक्य संपल्यावर त्यानं पन्ह्याचा दुसरा ग्लास मागितला. साखर कमी पडली होती म्हणाला.

जितेंद्र माझ्या धाकट्या बहिणीचा, मिनलचा नवरा. लकडगंजात त्याची लाकूड कापायची आरामशीन आहे, सागवानाचा व्यापार आहे. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे आमच्या घराला जावई एकच. चार जावयांत वाटून जावा एवढा मान त्या एकट्याला पचवावा लागतो. तो पचवतो.

त्यात यंदा अधिक महिना आला. आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला विष्णू समजून जेवायला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, आणि ताटात दिवा लावून वाण द्यायचं. वाणात जाळीदार पदार्थ हवेत, अनारसे किंवा बत्तासे, आणि तेही तेहतीस. सोबत चांदीची वाटी, अंगठी, ज्याची जशी ऐपत. कुणी स्कूटर देतं. महिना भर उन्हाळ्यात आल्यामुळे माझ्या आईनं, जिजाबाईनं, सुचवलं होतं, "जावईबापू, एसी घ्या."

"एसी आहे, मामीजी," जितेंद्र म्हणाला. "मले पिस्तूल पाहिजे."

बाबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी कूलर बंद केला. जितेंद्रनं पुन्हा सांगितलं. लायसन मिळालं आहे. वस्तू घ्यायची आहे. छोटी, चपटी, कपड्याखाली लपेल अशी. "आजकाल जमाना खराब आहे मामाजी. मी बाहेर असलो का तुमच्या पोरीचं डोकं माझ्यात असते. तिच्याच काळजीसाठी म्हणा."

बाबांनी कूलर पुन्हा सुरू केला. आईनं आत जाऊन गुरुजींना फोन लावला. वाणात शस्त्र चालतं का? गुरुजी म्हणाले, वस्तूला छिद्र असणं महत्त्वाचं. "ते तर नळीले असतेच ना जी," आई म्हणाली. गुरुजी म्हणाले, मग चालेल, पण दिवा विसरू नका.

आता लायसनबद्दल. जितेंद्रनं अर्जात लिहिलं होतं की धंद्याची मोठी रोकड घेऊन त्याला एकट्यानं फिरावं लागतं, सबब जिवाला धोका आहे. दोन वर्षांपासून त्याच्या आरामशिनीवर साधा दाराचा पट्टा घेणारासुद्धा मोबाइलवर पैसे पाठवतो. पण सरकारनं ते विचारलं नाही. सरकारनं एक हवालदार पाठवला, अर्जदाराची वर्तणूक तपासायला.

हवालदार जितेंद्रच्या शेजारच्या सिंधूताईंकडे गेला. त्यांची झोपायची खोली आणि मिनलची झोपायची खोली यांत एकच भिंत आहे. त्या भिंतीतून काय काय येतं ते सिंधूताईंना इतकं ठाऊक, की एकदा रात्री त्यांनी आवाज कमी करा म्हणून भिंतीवर लाटणं आपटलं होतं. हवालदारानं विचारलं, "माणूस कसा आहे?"

"सज्जन," सिंधूताई म्हणाल्या. "कोणाच्या अध्यात नाही ना मध्यात नाही."

हवालदारानं तसं लिहून घेतलं. मग तो मिनलकडे चहा प्यायला. चहा तिनंच आणून दिला, एप्रिलच्या दुपारी, मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घालून. हवालदार म्हणाला, चहा छान झाला.

मिनलनं हे सगळं मला सांगितलं ते अनारसे थापताना. आदल्या दिवशी जितेंद्र तिला आमच्याकडे सोडून गेला होता. अनारशाचं पीठ तिच्याच हाताचं चांगलं होतं. आई देवघरात होती. मिनल खसखशीवर गोळा थापत होती आणि वर बघत नव्हती.

"ताई, ते घरात आलं तर मले झोप नाही येणार वं."

"त्यानं काही म्हटलं?"

"नाही. म्हणते कुठं? हसते. म्हणे, आता तुझी जबान बंद राहीन." तिनं अनारसा तुपात सोडला. "आता हात उचलला का मले दार तरी लावून घेता येते. गोळीले दाराचं काय? दार लाकडाचं. त्याच्याच मिलचं."

मी बाबांकडे गेले. बाबा, म्हणजे रुपराव, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. जगातल्या सगळ्या सामुद्रधुन्या त्यांना पाठ आहेत. मी त्यांना सरळ सांगितलं की हा माणूस मिनलला मारतो, आणि तुम्ही त्याला पिस्तूल घेऊन देताय.

"दिवाळीत ती पाय घसरून पडली होती," बाबा म्हणाले.

"संक्रांतीले?"

"नवरा-बायकोत होत राहते, कामिनी. आता जावयाले शब्द दिला."

"कोणी दिला?"

"तुझ्या मायनं."

"मी तर अनारशाचा दिला होता," देवघरातून आवाज आला. मग घंटी वाजली.

मनगट मुरगळायला पिस्तूल लागत नाही, हे खरं आहे. म्हणून काही मनगट मुरगळणाऱ्याला ते वाणात देत नाहीत. एवढी साधी गोष्ट मला स्वतःच्या आईबापांना समजावता आली नाही, आणि मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सदरच्या बंदुकांच्या दुकानात गेलो, जितेंद्रच्या गाडीतून, चौघं. बाबा पैसे द्यायला. मी बाबांचा गुडघा सांभाळायला आणि, खरं म्हणजे, काहीतरी बिनसवायला. मिनलला जितेंद्रनंच घेतलं. "मागून कसं दिसते ते मले कसं दिसणार? बायकोची नजर पाहिजे," तो म्हणाला. अंगात त्यानं मुद्दाम पांढरा मलमलीचा कुर्ता घातला होता. नागपूरच्या मे महिन्यात माणूस जास्तीत जास्त जेवढा उघडा राहून कपडे घातले असं म्हणू शकतो, तेवढा.

दुकान जुनं होतं. काचेच्या कपाटांवर एका आजोबांचा फोटो, पायाखाली मेलेला वाघ. दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच कंटाळा. मालक पियूषसेठ त्या आजोबांचा नातू. त्यांनी लायसन उलटसुलट पाहिलं, नंबर उतरवून घेतले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"घरात लहान मुलं?"

"नाही."

"मग काही हरकत नाही."

मी म्हटलं, "मोठी माणसं आहेत."

"मोठ्यांचं काही नसते मॅडम," पियूषसेठ म्हणाले आणि पहिलं पेटीतून काढलं.

पहिलं रिव्हॉल्व्हर होतं. ते जितेंद्रनं कमरेला खोचलं आणि कुर्ता सोडला. रिव्हॉल्व्हरचा मधला गोल भाग मलमलीतून असा वर आला, की रस्त्यावरच्या माणसानं त्याला बंदूकवाला न समजता एखाद्या सर्जनचं नाव सुचवलं असतं.

"दिसते का?" जितेंद्रनं विचारलं.

"दिसते," बाबा म्हणाले.

मग त्यानं ते खिशात टाकलं. कुर्ता एका बाजूनं ओल्या चादरीसारखा लोंबला. "दिसते का?" दिसते. पियूषसेठ म्हणाले, काही लोक घोट्यालाही बांधतात. जितेंद्र वाकला, पण त्याचं पोट त्याच्याआधी वाकायला गेलं आणि दोघं अर्ध्यात अडकले. चोर जर समजूतदार असेल आणि थोडा वेळ थांबला तर घोट्याचं पिस्तूल उपयोगी आहे, असं सर्वांचं मत पडलं.

शेवटी एक चपटं पिस्तूल निघालं. छोटं, काळं, एखाद्या स्वस्त मोबाइलएवढं निरुपद्रवी दिसणारं. जितेंद्रचा चेहरा उजळला. त्यानं ते उजव्या कमरेला खोचलं, कुर्ता सोडला आणि दुकानात चालून दाखवलं.

"मिनल, इकडे ये. फिर माझ्या भोवती."

मिनल त्याच्याभोवती फिरली. तुळशीभोवती फिरतात तशी, खाली मान घालून.

"दिसते का?"

"थोडं," ती म्हणाली.

"थोडं म्हणजे? नीट पाह्य ना! डोळे फुटले का तुझे?" त्यानं पियूषसेठकडे बघून हसून घेतलं. "सेठ, एसी बंद करा जरा. बाहेर कुठं एसी राहते? घामात पाहू."

पियूषसेठनी एसी बंद केला. आम्ही सगळे त्या बंद दुकानात उभे राहून एका माणसाला घाम यायची वाट पाहू लागलो. बाबांनी रुमालानं मान पुसली. फोटोतला वाघ सुखी वाटू लागला. थोड्याच वेळात मलमल जितेंद्रच्या अंगाला चिकटली आणि पिस्तूल, त्याच्या पकडीवरच्या रेघांसकट, स्पष्ट दिसू लागलं. नुसत्या हातात धरलं असतं तर कमी दिसलं असतं.

"आता काय?" जितेंद्र चिडला. "एवढं लहान घेऊनही दिसून राहिलं. लपलं पाहिजे सेठ. म्हणजे, आहे हे लोकायले माहीत पाहिजे, पण दिसलं नाही पाहिजे."

पियूषसेठ डोकं खाजवत होते. तेव्हा मिनल बोलली. आवाज अगदी सपाट, स्वयंपाकातली कृती सांगावी तसा.

"पांढरं घालूच नये. पांढऱ्यात सगळं दिसते. गडद घ्यावं. अन् एकरंगी नाही, छापील. बारीक बारीक नक्षीचं, म्हणजे पाहणाऱ्याची नजर एका जागी ठरत नाही. मलमल चिकटते, थोडं जाडं सूत घ्यावं. धुऊन मऊ करू नये, खळ ठेवावी. एक माप सैल घ्यावं. हात वर करू नये कधी. वरच्या फळीवरचं काढायचं असलं तर दुसऱ्याले सांगावं. आणि सारखा तिथं हात नेऊ नये. जिथं हात जाते, तिथं लोक पाहतात."

पियूषसेठचा हात डोक्यातच राहिला. "वा! इतक्या वर्षांत मले कोणी असं नीट नाही सांगितलं. बाईले चांगला अनुभव दिसते."

"माझी बायको आहे," जितेंद्र म्हणाला. त्याला खरोखर अभिमान वाटला होता. त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आजवर कुणाचाच आला नव्हता, माझ्या बापाचासुद्धा नाही. कारण मला कळलं होतं. गडद निळ्या, बारीक नक्षीच्या, खळ घातलेल्या, एक माप सैल कुर्त्यात माझी बहीण माझ्यासमोर उभी होती, आणि मी कित्येक महिने तिला म्हणत होते, काय वं मिनल, उन्हाळ्यात असं जाडं काय घालून राहते.

"कुठं शिकलात?" पियूषसेठनी कौतुकानं विचारलं.

 मिनलनं मनगटावरचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली, खांद्यापर्यंत. दंडावर चार बोटं उठलेली होती, निळी, कडेनं पिवळी पडत चाललेली. मनगटाशी एक जुना डाग होता. त्या दोन्हींच्या मध्ये आणखी होतं. ते कशाचं ते मला सांगता येणार नाही.

कुणी एसी सुरू केला नाही.

"बाथरूममध्ये पडली," जितेंद्र म्हणाला.

"बाथरूमले बोटं असतात का?" मी विचारलं.

"कामिनीताई, तुम्ही मध्ये नका बोलू. तुमचं लग्न नाही झालं, तुम्हाले नाही समजत."

"म्हणूनच माझ्या बाह्या अर्ध्या आहेत."

बाबांनी चष्मा लावला. मिनलच्या हाताजवळ वाकले, नकाशा पाहावा तसे. मग चष्मा काढला.

"हे कधीचं?"

"कोणतं, बाबा?" मिनलनं विचारलं.

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं त्यांनी कुठल्याबद्दल विचारलं ते.

मी पियूषसेठकडे वळले. "तुम्ही या माणसाला पिस्तूल विकणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पेटीवरची धूळ पुसत होते, जी नव्हती. "लायसन बरोबर आहे मॅडम. बाकी तुमचं घरगुती आहे."

घरगुती. लोणचं घरगुती असतं. पापड घरगुती असतात. आमच्या गावात कुणाचा हात मुरगळला की तो मुरंब्याच्या शेजारी फळीवर ठेवतात.

बाबा टेबलाचा आधार घेऊन ताठ झाले. त्यांचा आवाज बारीक निघाला, पण निघाला. "जावईबापू, वाणात अनारसे भेटतील. दुसरं काही नाही भेटत."

"म्हणजे मी काय भिकारी आहो का, मामाजी?" जितेंद्रनं खिशातून मोबाइल काढला. मोठी रोकड घेऊन एकट्यानं फिरावं लागणाऱ्या त्या माणसानं उभ्या उभ्या, अंगठा टेकवून, पिस्तुलाची पूर्ण रक्कम पाठवली. पियूषसेठच्या काउंटरवरच्या डबीतून एका बाईचा प्रसन्न आवाज आला, की पैसे मिळाले आहेत.

गाडी त्याची होती. आम्ही तिघं ऑटोनं घरी आलो.

धोंड्याचं जेवण चार दिवसांनी ठरलं होतं, आणि त्या दिवशी तो आला. बोलावणं कुणी मागे घेतलं नव्हतं. ते मागे कसं घ्यायचं हे आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. भर दुपारी फाटकाशी गाडी थांबली. गडद मरून रंगाचा शर्ट. छापील. बारीक नक्षी. एक माप सैल. आम्ही सगळ्यांनी आधी त्याच्या कमरेकडे पाहिलं. काहीच दिसत नव्हतं. निवड उत्तम झाली होती.

"मिनल, चाल," तो फाटकातून म्हणाला. "तमाशे पुष्कळ झाले."

मिनल ओसरीत उभी होती, माझा अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून. तो तिला आखूड होत होता. ती हलली नाही.

"मी येऊन नाही राहिली," ती म्हणाली.

"काय म्हटलं?"

"ऐकलं तुम्ही."

आई आतून आली. तिच्या हातात ताट होतं, तेहतीस अनारसे आणि मध्ये पेटलेला दिवा. मला वाटलं, ही आता याचे पाय धुणार. मी तोंड उघडणार एवढ्यात ती फाटकापर्यंत गेली, ताट फाटकाच्या वरून त्याच्या हातात दिलं आणि कडी आतून लावली.

"वाण पोचलं, बापू," आई म्हणाली. "आता पोरगी आमची."

उन्हात दिव्याची ज्योत दिसतही नव्हती. जितेंद्रनं ताट डाव्या हातावर तोललं. त्याचा चेहरा शर्टाच्या रंगाचा झाला. आणि मग त्याचा उजवा हात शर्टाखाली गेला, कमरेशी, आणि तिथंच थांबला.

मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. मला एवढं आठवतं, की माझे बाबा, ज्यांना खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात, ते ओसरीवरून उतरून मिनलच्या समोर जाऊन उभे राहिले. हात पसरून. शाळेबाहेर पोरांना रस्ता ओलांडून देताना उभे राहायचे तसे. आईनं फाटक सोडलं नाही. जितेंद्रचा हात शर्टाखाली हलला. मिनल बाबांच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर भीती होती, दुकानात बाही सरकवतानासुद्धा नव्हती तेवढी.

मग त्यानं हात बाहेर काढला. रिकामा. "पाहून घेईन एकेकाले," म्हणाला, ताट शेजारच्या सीटवर ठेवलं आणि गेला.

आम्ही त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार मारहाणीची आणि पिस्तुलाच्या धाकाची. साहेब सभ्य होते. त्यांनी मिनलला बसायला खुर्ची दिली.

"पिस्तूल काढलं का त्यानं?"

"नाही. हात घातला होता."

"दिसत होतं का?"

"नाही."

"मग होतं, हे कशावरून म्हणता?"

आम्ही चौघं तिथं बसलो होतो, आणि मी मनातल्या मनात तर्क मांडत होते. दिसू नये म्हणूनच घेतलं होतं, साहेब. दिसू नये म्हणून अख्खी दुपार घालवली होती. मारहाणीची तक्रार त्यांनी घेतली, कारण ती दिसत होती. उशीर केला असता तर तीही पिवळी होऊन गेली असती. पिस्तुलाबद्दल म्हणाले, लायसनवर फेरविचारासाठी वर कळवतो.

वर कळवलं. प्रकरण चालू आहे. जितेंद्रनं लेखी उत्तर दिलं, की शस्त्राशिवाय त्याच्या जिवाला क्षणोक्षणी धोका आहे. मिनल आमच्याकडे आहे. शिवणाच्या क्लासला जाते, अर्ध्या बाह्यांनी. बाबा रोज दोनदा फाटकाची कडी तपासतात. आई सिंधूताईंशी बोलत नाही, आणि गुरुजींशीही.

चौकशीत पियूषसेठनाही बोलावलं होतं, विक्रीबद्दल विचारायला. तेव्हा समजलं, की पिस्तूल त्यांच्याच दुकानात सुरक्षित ठेवायला म्हणून जमा आहे, धोंड्याच्या जेवणाच्या आदल्या दिवसापासून. जितेंद्रच्या कमरेला घामोळ्या आल्या होत्या. त्या दिवशी फाटकात उभा राहून तो खाजवत होता.